ड्रॉ हातात असताना ब्लफ: होल्डेममधल्या सेमी-ब्लफचं गणित आणि पद्धत

तीन पत्तीत पानं वाटून झाली की तुमचा हात ठरलेला असतो. चाल वाढत जाते, पानं बदलत नाहीत. त्यामुळे तिथला ब्लफ एकाच मार्गाने जिंकतो: समोरचे सगळे पॅक झाले पाहिजेत. टेक्सस होल्डेममध्ये फ्लॉपची, म्हणजे बोर्डवर सगळ्यांसाठी उघडणारी पहिली तीन पानं आल्यावरही टर्न (चौथं पान) आणि रिव्हर (पाचवं) यायचे असतात. आत्ता हातात काही नाही, पण एकाच रंगाची चार पानं जमली आहेत (फ्लश ड्रॉ) किंवा सलग चार आहेत (स्ट्रेट ड्रॉ), आणि तुम्ही बेट करता. समोरच्याने फोल्ड केलं, म्हणजे पानं टाकली, तर पॉट (मध्ये जमलेले पैसे) तुमचा. कॉल केलं, म्हणजे तेवढेच पैसे भरले, तरी हवं ते पान येऊ शकतं. पाचव्या पानाची वाट बघणाऱ्या अशा हाताला ड्रॉ म्हणतात आणि त्यावरच्या या बेटला सेमी-ब्लफ.

जिंकायचे हे दोन मार्ग बहुतेकांना माहीत असतात आणि तेवढ्या भरवशावर ते दिसेल तो फ्लश ड्रॉ बेट करत सुटतात. पैसे जातात ते इथे. ड्रॉमुळे ब्लफ स्वस्त पडतो हे खरं आहे. पण किती स्वस्त पडतो, हे त्याच जागी चेक केलं असतं (पैसे न लावता पाळी पुढे दिली असती) तर काय मिळालं असतं यावर ठरतं. हा दुसरा भाग सोडून दिला की गणित अर्धंच राहतं.

पुढचं सगळं नो-लिमिट होल्डेमबद्दल आहे, म्हणजे आपल्यापुढचे सगळे पैसे एका वेळी लावता येतात (ऑल-इन).

आधी आउट्स मोजा, आणि खरे तेवढेच मोजा

आउट्स म्हणजे तुमचा हात पूर्ण करणारी, अजून न दिसलेली पानं. फ्लश ड्रॉला ९ आउट्स असतात. दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेट ड्रॉला ८, गटशॉटला म्हणजे मधलं एकच पान हवं असलेल्या ड्रॉला ४. फ्लश ड्रॉबरोबर गटशॉटही असेल तर १२, आणि फ्लश ड्रॉबरोबर दोन्ही टोकांचा स्ट्रेट ड्रॉ असेल तर १५. फ्लॉपवरून रिव्हरपर्यंत दोन्ही पानं बघायला मिळाली, तर ड्रॉ पूर्ण होण्याची शक्यता ४ आउट्सला १६.५ टक्के, ८ ला ३१.५, ९ ला ३५, १२ ला ४५ आणि १५ ला ५४ टक्के. टर्नवर एकच पान उरलं असताना ४ आउट्सचे ८.७ टक्के होतात, ८ चे १७.४, ९ चे १९.६ आणि १२ चे २६.

टेबलावर एवढं आठवत नसेल तर फ्लॉपवर आउट्सना ४ ने आणि टर्नवर २ ने गुणा. ४ चा गुणाकार आउट्स वाढले की फुगतो: १५ आउट्सचे ६० टक्के दाखवतो, प्रत्यक्षात ५४ असतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ४ ने गुणायचं ते दोन्ही पानं नक्की बघायला मिळणार असतील तरच, म्हणजे मुख्यतः ऑल-इन झाल्यावर. फ्लॉपवर कॉल करून टर्नवर मोठ्या बेटसमोर फोल्ड करावं लागणार असेल, तर तुमच्याकडे ३५ टक्के कधी नव्हतेच. तुम्ही १९ टक्क्यांसाठी पैसे भरले.

मग मोजलेल्यातून वजा करायला शिका. बोर्डवर दोन बदाम आहेत आणि तुमचा स्ट्रेट ड्रॉ बदामाचा नाही, तर आठपैकी दोन आउट्स तिसरा बदाम घेऊन येतात. ते अर्धेच धरा. तुमचा फ्लश ड्रॉ अठ्ठी-सत्तीचा असेल आणि समोरचाही त्याच रंगाच्या मोठ्या पानांवर बसला असेल, तर पान आल्यावर तुमचं नुकसान उलट वाढतं. समोर सेट (हातातली जोडी आणि बोर्डवर तसंच तिसरं पान) असेल तर फ्लश पूर्ण होऊनही त्याचं फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी) होऊ शकतं. फ्लॉपवर ३५ टक्के वाटणारा फ्लश ड्रॉ सेटसमोर २५ टक्क्यांच्या आसपासच असतो. मोठ्या रेजला (बेटवर वाढवून लावलेल्या बेटला) उत्तर देताना हा आकडा डोळ्यासमोर ठेवा, कारण मोठी रेज करणाऱ्याकडे सेट असण्याची शक्यताही मोठी असते.

ब्लफची किंमत

आउट्स नसलेल्या कोऱ्या ब्लफचं सूत्र सोपं आहे: बेटला बेट आणि पॉटच्या बेरजेने भागा. जे येईल तेवढ्या वेळा समोरच्याने फोल्ड केलं की तुमची बरोबरी होते. पॉटच्या एक तृतीयांश बेटला २५ टक्के, अर्ध्या पॉटला ३३, दोन तृतीयांशला ४० आणि पूर्ण पॉटला ५० टक्के.

आता यात ड्रॉ घाला. टर्न आहे, पॉट १,०००, तुम्ही ६०० लावता. कोऱ्या ब्लफला ३७.५ टक्के फोल्ड हवेत. तुमच्याकडे ९ खरे आउट्स आहेत आणि समजा रिव्हरला आणखी बेट होणार नाही. कॉल आला तर एकूण पॉट २,२०० होतो. त्याचे १९.६ टक्के म्हणजे सुमारे ४३०. लावलेले ६०० वजा केले की कॉल झाल्यावर सरासरी तोटा १७०. फोल्ड झाल्यावर नफा १,०००. म्हणजे बरोबरीसाठी १७० भागिले १,१७०, जेमतेम १४.५ टक्के फोल्ड पुरतात. गटशॉटचे ४ आउट्स घेऊन हेच केलं तर कॉल झाल्यावर तोटा ४०९ आणि गरज २९ टक्क्यांची.

हे आकडे पाहिले की फ्लश ड्रॉ नेहमीच बेट करावा असं वाटतं. पण बरोबरी कशाशी करतोय ते बघा: शून्याशी, म्हणजे फोल्ड करण्याशी. तुम्ही शेवटी बोलणारे असाल आणि समोरचा चेक करून थांबला असेल, तर तुमच्यासमोर फोल्डचा प्रश्नच नाही. चेक केलं तर रिव्हरचं पान फुकट मिळतं. ९ आउट्सवर त्या फुकट पानाची किंमत १,००० च्या १९.६ टक्के, म्हणजे १९६. बेटने निदान एवढं तरी कमावलं पाहिजे. हिशेब पुन्हा मांडला की ९ आउट्सना ३१ टक्के फोल्ड लागतात, ४ आउट्सना ३५ टक्के, आणि एकही आउट नसेल तर ३७.५.

म्हणजे फुकट पान मिळत असताना फ्लश ड्रॉ आणि कोरा ब्लफ यांच्यातला फरक फक्त सहा टक्क्यांचा उरतो. चेक केल्यावर समोरून मोठी बेट येणार आणि तुम्हाला पानं टाकावी लागणार, अशी जागा असेल तर मात्र फरक २३ टक्क्यांचा होतो. ड्रॉ तोच, आउट्स तेवढेच, पण सवलत कधी मोठी, कधी नाममात्र. समोरच्याची बेट अंगावर घ्यायच्या ऐवजी आपण आधी बेट करणं, किंवा त्याच्या बेटवर रेज करणं, यात सेमी-ब्लफची खरी कमाई आहे. बटनवर, म्हणजे शेवटी बोलायच्या जागी, बसून चेक झालेल्या पॉटमध्ये प्रत्येक ड्रॉ बेट करण्याची घाई नको.

रिव्हरवरची बेटिंग इथे धरलेली नाही. पान आल्यावर समोरचा आणखी पैसे देणारा असेल तर दोन्ही बाजूंचे आकडे थोडे सुधारतात. तुमचा फ्लश दुसऱ्या क्रमांकाचा असेल तर बिघडतात.

रेज आली तर?

बेट करण्यापूर्वी हा प्रश्न विचारायचाच. चेक केलं असतं तर दिसलं असतं ते पान, बेट केल्यामुळे आलेल्या रेजपुढे सोडून द्यावं लागलं, तर तुमच्या आउट्सची सगळी किंमत बुडते. गटशॉट सोडताना फार काही जात नाही. १२ आउट्सचा हात सोडताना पॉटचा चौथा हिस्सा जातो.

वरच्याच उदाहरणात तुमच्या ६०० वर समोरच्याने एकूण २,४०० चं ऑल-इन केलं. तुम्हाला १,८०० घालायचे आहेत आणि पॉटमध्ये ४,००० आहेत, म्हणजे कॉलला ३१ टक्के हवेत. हेच फ्लॉपवर घडलं असतं तर ३५ टक्क्यांवर कॉल जमला असता. टर्नवर १९.६ टक्क्यांवर फोल्डशिवाय मार्ग नाही. म्हणून टर्नवर मोठा ड्रॉ बेट करताना समोरच्याचा उरलेला स्टॅक (त्याच्यापुढचे पैसे) मोजा. तो आधीच इतका लहान असेल की रेजला कॉल करणं परवडतं, किंवा इतका मोठा की रेजनंतरही पान आल्यावर कमावण्यासारखं बरंच मागे उरतं, तर ठीक. मधल्या लांबीचा स्टॅक सगळ्यात त्रासदायक. तिथे चेक करणं बऱ्याचदा बरं.

कोणता ड्रॉ लावायचा

ज्या हाताला चेक करूनही काही मिळतं, तो ब्लफसाठी महाग. एक्क्याचा फ्लश ड्रॉ शोडाऊनला (शेवटी पानं दाखवताना) कधीकधी नुसत्या एक्क्यावरही जिंकतो, आणि पान आलं तर सर्वोच्च फ्लश होतो. तो चेक-कॉललाही चालतो. उलट छक्की-पंजीचा ड्रॉ चेक करून शोडाऊनला गेला तर जवळजवळ कोणालाच हरवत नाही. समोरच्याची राणी-गुलामसुद्धा त्याच्या वर आहे. ती राणी-गुलाम फोल्ड करायला लावणं हाच तुमचा मोठा फायदा. म्हणून शोडाऊनला निरुपयोगी असलेले ड्रॉ ब्लफमध्ये आधी घ्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. स्टॅक फार खोल असतील, म्हणजे २०० बिग ब्लाइंडच्या (डावाआधी भरायच्या दोन सक्तीच्या बेटांपैकी मोठी) पुढे, तर लहान फ्लश ड्रॉवर मोठं पॉट बांधू नका. तिथे सगळा स्टॅक पणाला लावणाऱ्याकडे बहुधा मोठाच फ्लश असतो. खोल स्टॅकवर स्ट्रेट ड्रॉ बरे, कारण पूर्ण झालेला स्ट्रेट बोर्डवर सहज दिसत नाही आणि समोरचा पैसे देत राहतो. तिसरं इस्पिक पडलं की मात्र टेबलावरचा प्रत्येकजण सावध होतो.

कोणासमोर आणि किती जणांसमोर

एका खेळाडूने फोल्ड करण्याची शक्यता ५० टक्के धरली, तर दोघांनीही फोल्ड करण्याची २५ आणि तिघांनीही करण्याची साडेबारा. तीन जणांनी फ्लॉप पाहिला असेल तर सेमी-ब्लफ जवळजवळ बंद करा. सर्वोच्च फ्लशचा ड्रॉ आणि १५ आउट्सचे हात एवढेच अपवाद.

बोर्ड कोणाच्या बाजूचा आहे तेही बघा. तुम्ही बटनवरून रेज केली, बिग ब्लाइंडने कॉल केलं, आणि फ्लॉपवर राजा, सत्ती, दुर्री पडली. मोठी पानं तुमच्याकडे जास्त असणार, तुमची बेट पटते. नव्वी, अठ्ठी, सत्ती पडली तर दोन जोड्या आणि स्ट्रेट बिग ब्लाइंडकडे जास्त असतात. तिथे ड्रॉ असला तरी समोरून चेक-रेज (आधी चेक, मग तुमच्या बेटवर रेज) येईल याची तयारी ठेवूनच पुढे जा.

आणि माणूस. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. त्यामुळे भारतात राहणाऱ्या मराठी खेळाडूला आता खेळ भेटतो तो प्रामुख्याने पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर. अशा प्रत्यक्ष टेबलांवर, विशेषतः लहान ब्लाइंडच्या खेळात, बरेचजण तीन पत्तीच्या सवयीने आलेले असतात. टॉप पेअर (बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पानाची जोडी) हाती लागली की "बघू तरी" म्हणून रिव्हरपर्यंत कॉल करतात. त्यांच्यासमोर ३१ टक्के फोल्ड मिळणार नाहीत. त्यांच्याविरुद्ध ड्रॉ स्वस्तात बघा, पान आलं की पूर्ण पॉट लावा आणि ब्लफचे पैसे जपून ठेवा. सेमी-ब्लफ चालतो तो ज्याला हात सोडता येतो त्याच्यासमोर.

एक पूर्ण डाव

ब्लाइंड ५० आणि १००, दोघांचे स्टॅक १०,०००. बटनवर तुमच्याकडे इस्पिक गुलाम आणि इस्पिक दश्शी. तुम्ही २५० ला रेज करता, स्मॉल ब्लाइंड फोल्ड, बिग ब्लाइंड कॉल. पॉट ५५०.

फ्लॉप: इस्पिक राजा, चौकट नव्वी, इस्पिक तिर्री. नऊ इस्पिकं, आणि राणी आली तर राजापर्यंतचा स्ट्रेट. इस्पिक राणी आधीच मोजली गेली आहे, म्हणून उरलेल्या तीन राण्या धरून १२ आउट्स. समोरचा चेक करतो. तुम्ही ३५० लावा. बोर्ड तुमच्या बाजूचा, हात शोडाऊनला निरुपयोगी, रेज आली तरी ४५ टक्क्यांचा आधार. यापेक्षा चांगली जागा क्वचित मिळते.

कॉल आला. पॉट १,२५०. टर्नला किलवर दुर्री, काहीच बदललं नाही. समोरचा पुन्हा चेक करतो. ९०० लावले तर कोऱ्या ब्लफला ४२ टक्के फोल्ड लागले असते. तुमच्या २६ टक्क्यांमुळे शून्याशी बरोबरीला ८ टक्केसुद्धा पुरतात, पण फुकट पानाच्या तुलनेत ३२ टक्के लागतात. नव्वीची जोडी, दहापेक्षा लहान हातातल्या जोड्या, किकर (जोडीबरोबरचं दुसरं पान) कमजोर असलेला राजा, यातले किती हात हा माणूस सोडेल? एक तृतीयांश वाटत असतील तर बेट करा. नव्वीही सोडत नसेल तर चेक करून पान बघा. त्याने २,७०० ला रेज केली तर तुम्हाला १,८०० घालून २७ टक्के हवेत आणि तुमच्याकडे २६ आहेत. मागे ६,७०० उरतात, त्यामुळे कॉल जमतो, पण ओढूनताणून.

साधा कॉल आला असं धरू. पॉट ३,०५०. आता रिव्हर.

इस्पिक आलं तर किंमत वसूल करा. पण इस्पिक नव्वी आणि इस्पिक दुर्री ही दोन पानं बोर्डवर जोडी करतात, तिथे बेट लहान ठेवा आणि रेज आली तर हाताच्या प्रेमात पडू नका. बिगर-इस्पिक राणी आली तर तुमच्याकडे या बोर्डवरचा सर्वोत्तम हात आहे आणि तो कोणाला दिसत नाही. मोठं लावा. गुलाम किंवा दश्शी आली तर मधली जोडी झाली, चेक करा.

काहीच आलं नाही तर बहुतेक खेळाडू सवयीने तिसरी बेट मारतात. इथे थांबा. समोरच्याने कोणते हात फोल्ड करावेत अशी तुमची इच्छा आहे? मुख्यतः हुकलेले इस्पिक ड्रॉ. आणि त्यातली दोन इस्पिकं तुमच्याच हातात आहेत. म्हणजे ज्याने पानं टाकली असती तोच माणूस समोर असण्याची शक्यता तुम्ही स्वतः कमी केली आहे. हुकलेला फ्लश ड्रॉ रिव्हरला ब्लफसाठी वाईट असतो तो या कारणाने.

मग ब्लफ कोणत्या हातांनी करायचा? पॉटएवढी बेट असेल तर दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ पुरतो. या बोर्डवर तुमचे खरे हात मोजू: एक्क्यांची जोडी ६ प्रकारे, राजांची ३, नव्वीची ३, तिर्रीची ३, एक्का-राजा १२, एकरंगी राजा-नव्वी २. एकूण २९. म्हणजे ब्लफ १४ च्या आसपास. बिगर-इस्पिक एकरंगी राणी-गुलाम, राणी-दश्शी आणि गुलाम-दश्शी मिळून ९ होतात, आणि इस्पिक नसलेली बेरंगी राणी-गुलाम ६. हे १५ हात हुकलेले गटशॉट आहेत आणि समोरच्याच्या इस्पिक ड्रॉला हात लावत नाहीत. कोटा इथेच भरला. इस्पिक गुलाम-दश्शी चेक करून सोडून द्या.

चेक-रेज

बिग ब्लाइंडमधून ड्रॉ खेळताना हे सगळ्यात धारदार हत्यार आहे, कारण चेक-कॉल केलं तर पुढची बेटही अंगावर येते. फ्लॉपवर पॉट ६००, समोरच्याने ४०० लावले, तुमच्यामागे २,००० आहेत आणि तुम्ही ऑल-इन करता. फोल्ड झालं तर १,००० मिळतात. कॉल झालं तर पॉट ४,६००. ३५ टक्क्यांवर सरासरी तोटा ३९०, म्हणून २८ टक्के फोल्ड पुरतात. पण कॉल करणाऱ्यांत सेट आणि मोठे फ्लश ड्रॉ जास्त असतील तर तुमचे खरे टक्के ३० धरा. मग तोटा ६२० आणि गरज ३८ टक्क्यांची. पाच टक्क्यांच्या चुकीने दहा टक्क्यांचा फरक पडला. म्हणून चेक-रेजसाठी जोडीबरोबर फ्लश ड्रॉ, किंवा फ्लश ड्रॉबरोबर गटशॉट असे जाड हात निवडा, आणि समोरचा फ्लॉपवर जवळजवळ काहीही बेट करणारा असावा. फक्त चांगल्याच हातावर बेट करणाऱ्या माणसाला चेक-रेज करून पैसे मिळत नाहीत.

टूर्नामेंटमध्ये बक्षिसांच्या उंबरठ्यावर मधल्या स्टॅकचे लोक पटकन पानं टाकतात, तिथे हेच हत्यार अधिक चालतं. पॉटमध्ये अर्धा स्टॅक आधीच गेलेल्या माणसावर मात्र ते वापरू नका, तो सोडणार नाही.

घरी सराव कसा करायचा

पत्त्यांचा एक जोड घ्या, दोन पानं स्वतःला वाटा, तीन उघडा. ड्रॉ असेल तर क्रमाने हे करा: आउट्स मोजा, संशयास्पद वजा करा, टक्के काढा, पॉट १,००० आणि बेट ६०० धरून लागणारे फोल्ड दोनदा काढा, एकदा शून्याशी आणि एकदा फुकट पानाशी. मग समोरच्याचे कोणते हात टाकले जातील ते नावानिशी लिहा आणि प्रकार मोजा: हातातली जोडी ६, तिचं एक पान बोर्डवर असेल तर ३, दोन वेगळी पानं १६, त्यातलं एक बोर्डवर असेल तर १२. कागदावर पन्नासेक डाव असे सोडवले की टेबलावर हे आकडे विचारावे लागत नाहीत. टेबलावर मात्र एक काळजी घ्या: मजबूत हातावर जितका वेळ घेता तितकाच ड्रॉवरही घ्या, आणि चिप्स त्याच पद्धतीने पुढे सरकवा. हिशेब करताना थांबलेला हात समोरच्याला लगेच दिसतो.